स्लॅबच्याच दिवशी गॅदरिंग: साइट, टार्गेट आणि घर (अनुभव धागा)

मी आर्किटेक्ट, पुण्यात छोटंसं ऑफिस. डिसेंबरात लेकीचं गॅदरिंग साडेपाचला आणि स्लॅब सकाळी आठला. हिशेब बरोबर होता, पण आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी जड वाहनांच्या बंदीच्या वेळेत अडकली. स्लॅब अर्धवट सोडला तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पुढे तिथूनच गळतं. खरं तर लक्ष ठेवायला आरसीसीवाले इंजिनिअर होते, सुपरवायझर होता. तरी मी थांबले. पोचले तेव्हा लेक कोळिणीच्या वेशात शाळेच्या पायरीवर वेफर्स खात बसली होती, मांडीवर दुरडी.
"नाच झाला?"
"झाला. बाबाने शूट केलाय, बघ नंतर."
हे 'बघ नंतर' माझंच वाक्य. तुम्ही घरच्या तारखा कशा सांभाळता? या धंद्यातल्यांनी लिहा, माल विकणाऱ्यांनीसुद्धा.

टाइल्स सेल्स, नाशिक
आमचा खरा सण ३१ मार्च, वर्षाचं टार्गेट संपवायचा शेवटचा दिवस. २०२५ला पाडवा आला ३० मार्चला, त्यात रविवार. वाटलं, सुटलो. पण डीलर मुहूर्ताला दुकान उघडणार आणि मॅनेजरला बिलिंग हवं. दिवसभर एकेकाकडे पेढा खायचा आणि हळूच विचारायचं, "शेठ, अजून एक गाडी उतरवू का?" एकाच्या गोडाऊनमध्ये ६०० बाय १२००च्या पेट्या पार दारापर्यंत आलेल्या. म्हणाला, "आता काय माझ्या बेडरूममध्ये लावू?" तरी त्याने घेतली एक, माझ्या तोंडाकडे बघून. सकाळी गुढी उभारून निघालो होतो. परतलो तेव्हा बायको ती उतरवत होती. गाठी पोराने निम्मी संपवलेली. वर मे महिन्यात त्यातला बराच माल परत आला आणि माझा इन्सेंटिव्ह कापला गेला. म्हणजे पाडवाही गेला आणि पैसेही.

आर्किटेक्ट, ठाणे
महारेरावर (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) प्रत्येक प्रकल्पाची तिमाही माहिती तिमाही संपल्यापासून २० दिवसांत भरायची असते. त्यात फॉर्म १ आर्किटेक्टचा: कुठलं काम किती टक्के झालं. २०२५ला २० ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी. बिल्डरकडे सप्टेंबरपासून साइटचे फोटो मागत होतो, ते आले १९च्या रात्री. पहाटे अभ्यंगस्नान झालं, अंगाला उटण्याचा वास, आणि मी प्लास्टरचे टक्के टाकतोय. आईने फराळाचं ताट आणलं आणि कीबोर्डवर ठेवलं. बाजूला नाही, कीबोर्डवरच. आता ५ तारखेपर्यंत फोटो नाही आले तर मीच साइटवर जातो आणि टक्के तिथेच लिहून आणतो. यंदा लाडू टेबलावर बसून खाणार आहे.

वॉटरप्रूफिंग सेल्स, कोल्हापूर
पहिला पाऊस आणि शाळेचा पहिला दिवस, दोन्ही जूनच्या मध्याला. आठ वर्षांत पोराला सोडायला एकदाच गेलो. त्या वर्षी पाऊस लांबला होता.

एका आर्किटेक्टची बायको
आमच्याकडे बारशाची तारीख गुरुजींच्या आधी साइट सुपरवायझरला विचारली होती. यावर हे अजून हसतात, मी नाही हसत. पण ताई, तो व्हिडिओ बघितलात का?

धागाकर्ती
तुम्ही विचारल्यावर आत्ता बघितला. बाबाचा हात हलतोय, लेक मागच्या रांगेत. दुसऱ्या कडव्याला दुरडी हातातून पडली, तिने ती पायाने मागे सरकवली आणि रिकाम्या हातांनी नाचली. हे मला तिने सांगितलंच नव्हतं.