मदत हवी आहे: माझा उडता प्राणी नायिकेला पाठीवर घेईना

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर एका अद्भुत कादंबरीत डोकं घालून बसलोय. जग पूर्ण काल्पनिक: बेटांचा एक मोठा पुंजका, माणसांची वस्ती सगळी किनाऱ्याला, आतल्या बाजूला मोकळी कुरणं. ड्रॅगन वगैरे नको होते, म्हणून एक नियम घालून घेतला. कथेतल्या प्रत्येक जनावराच्या मुळाशी पृथ्वीवर खरोखर होऊन गेलेला प्राणी हवा. इथपर्यंत मजा आली. आता घोडं अडलंय.

मुख्य प्राणी क्वेट्झलकोॲटलसवर बेतलाय. डायनासोरांच्या शेवटच्या काळातला टेरोसॉर, म्हणजे उडणारा सरीसृप, पंखांचा विस्तार १०-११ मीटर, उभा राहिला की जिराफाएवढा. नायिका त्याच्या पाठीवरून या बेटावरून त्या बेटावर जाते आणि अर्धी कादंबरी या उड्डाणांवरच तोललेली आहे. वाचता वाचता कळलं, की एवढ्या धुडाचं वजन बहुतेक अंदाजांत जेमतेम २००-२५० किलो धरतात. नायिका ५५ किलोची. स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा ओझं घेऊन कोण उडेल? त्यातून तो हवेत झेपावायचा कसा, तर चारही पाय टेकलेले असताना पुढच्या पायांनी, म्हणजे दुमडलेल्या पंखांनीच, जमिनीला रेटा देऊन, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आणि ही बाई बसते नेमकी त्याच्या खांद्यांवर!

प्राणी दुप्पट मोठा करून पाहिला (कागदावर). लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पंखांचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. म्हणजे दुखणं आणखी वाढलं.

दुसरं जनावर पॅरासेराथेरियम, बिनशिंगी गेंड्याचा नातलग, खांद्यापाशी पावणेपाच मीटर उंच. त्याचा नाद सोडला, कारण असा कळप लहानसं बेट बघता बघता फस्त करेल. उलट बेटांवर मोठी जनावरं पिढ्यान्‌पिढ्या खुजी होत जातात. सिसिली बेटावर एके काळी जेमतेम मीटरभर उंचीचे हत्ती होते, ते घेतले. हे झकास जमलंय, त्याबद्दल तक्रार नाही.

तर प्रश्न दोन. उड्डाण वाचवायचं कसं? आणि या प्राण्यांना मराठीत नावं काय द्यायची? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

<b>प्रतिसाद १</b>

वाचवू नका. तुम्ही प्राण्याचं शरीर उचललंत आणि त्याला नोकरी घोड्याची दिलीत. तो जगायचा कसा, ते आधी बघा. त्याच्याच गोतावळ्यातला हॅट्झेगॉप्टेरिक्स वाचलाय का? रुमानियातला हात्सेग भाग त्या काळी बेट होता. तिथले लांब मानेचे डायनासोर तुमच्या हत्तींसारखेच खुजे झालेले. मोठ्या मांसाहारी डायनासोरांची हाडं मात्र तिथे मिळालेली नाहीत. त्यांच्या जागी हा आखूड, दणकट मानेचा टेरोसॉर शिकार करत असावा, तीही जमिनीवर चारी पायांनी चालत.

आता तुमच्या नकाशाकडे बघा. आत सुपीक कुरणं मोकळी पडलीत आणि माणसं किनाऱ्याला चिकटून राहतात. का, ते तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. उत्तर तुमच्याकडेच आहे, फक्त तुम्ही त्याच्यावर खोगीर चढवून बसलात. गवताच्या वर पाच मीटरवर एक चोच हलत येताना दिसते, असं एक प्रकरण लिहून बघा.

<b>प्रतिसाद २</b>

वरच्यांशी अर्धाच सहमत. जग काल्पनिक आहे, तर हवा दाट करा, गुरुत्वाकर्षण कमी करा, उडेल बिचारा. पण मग तो एकच बदल करून गप्प बसता येणार नाही. हवा दाट केली की प्राणवायूही वाढला. डायनासोरांच्या खूप आधीच्या कार्बोनिफेरस काळात हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांपेक्षा बराच जास्त होता, बहुधा ३० च्या आसपास. त्याच काळात पाऊण मीटरच्या जवळ जाणाऱ्या पंखांचे चतुरासारखे कीटक आणि अडीच मीटर लांबीचे वाणी किड्याचे भाईबंद होते. प्राणवायूचा आकाराशी किती संबंध यावर वाद आहेत, पण एवढा प्राणवायू असेल तर ओलं लाकूडही पेट घेईल. म्हणजे चुलीपासून वणव्यापर्यंत सगळं नव्याने लिहा. झेपणार असेल तर जरूर.

नावांबद्दल. क्वेट्झलकोॲटलस हे नाव मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या पिसंधारी सर्पदेवावरून ठेवलेलं. म्हणजे खऱ्या प्राण्याला दंतकथेचं नाव मिळालं आणि तुम्ही त्यालाच पुन्हा दंतकथेत नेताय. असो. कथेत शास्त्रीय नाव नको आणि तोडूनमोडून जुळवलेलं संस्कृतही नको. आपल्या भाषेने काय केलं? पाणघोडा घोडा नाही, खवले मांजर मांजर नाही. पहिल्यांदा बघणारा माणूस ओळखीच्या जनावराचं नाव लावतो आणि एक खूण जोडतो. तुमची माणसं दर्यावर जगणारी, त्यांना बगळा माहीत, शीड माहीत. ती म्हणतील 'शीडबगळा'. आणि ज्यांच्या घरातलं कोणी त्याने नेलं असेल, ती नाव घेणारच नाहीत, 'लांब्या' म्हणतील.

<b>धागाकर्ता</b>

दोघांचेही आभार. 'लांब्या' वाचून अंगावर काटा आला, हे नाव मी पळवतोय. गुरुत्वाकर्षणाच्या वाटेला जात नाही, माझी विज्ञानाची झेप तेवढी नाही. खोगीर उतरवलं. उड्डाणाची सात प्रकरणं काढून होडीचा प्रवास लिहायला घेतलाय आणि खरं सांगायचं तर भरती-ओहोटीमुळे तो जास्त रंगतोय.

फक्त एक गाठ सुटत नाही. तिसऱ्या प्रकरणात नायिकेने त्याचं अंडं उबवलंय आणि पिल्लू तिच्या मागे मागे फिरतं. आता वाचतोय, की टेरोसॉरांची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर फार लवकर उडू लागत असावीत, आईबापांवर फारसं न विसंबता. मग ते तिच्यापाशी राहीलच कशाला? ते प्रकरण मला फार आवडतं हो, कापवत नाही. कोणाला काही सुचतंय?