लाकूड कातायचा जुना लेथ: ५५ हजार सांगतायत, किती द्यावेत?

लाटणं_पोळपाट

सांगलीत एक लेथ (लाकूड फिरवून गोल कातायचं मशीन) विकायला आहे. लोकल बनावट, ८ वर्षं वापरलेला. मालक ५५,००० म्हणतो, वर "बसून बोलू" असंही म्हणतो.

बेड (खालचा आडवा पाया) लोखंडी चॅनलचा, ५ फूट. सेंटर हाईट (बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची) ६ इंच. मोटर १ एचपी सिंगल फेज, १४४० आरपीएम. पुली ३ पायऱ्यांची, मोटरवरची सगळ्यात लहान पायरी अडीच इंच, स्पिंडलवरची (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावरची) सगळ्यात मोठी ५ इंच. टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) एमटी २, म्हणजे मोर्स टेपर २ चा. सोबत ४ जबड्यांचा स्क्रोल चक (लाकूड धरायची पकड), २ फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायच्या चकत्या) आणि कातायची ६ हत्यारं. बटण दाबल्यावर मोटर दोन-तीन सेकंद नुसती घूं करते, मग उचलते. हेडस्टॉकमधून (स्पिंडल बसतो त्या भागातून) बारीक घरघर येते.

याच मापाचा नवा बनवून द्यायचं कोल्हापूरचं कोटेशन ६२,००० अधिक १८ टक्के जीएसटी आहे. त्यात दारात पोच आहे, चक आणि हत्यारं नाहीत. माझं काम लाटणी, पाळण्याचे आणि टीपॉयचे कातीव पाय. पुढेमागे ८–१० इंची लाकडी वाडगे. किंमत कशी बसवायची?

बिडाचा_बेड

मशीन किती वर्षांचं आहे ते विसरा. रोज दोन तास चाललेला ८ वर्षांचा लेथ आणि दोन पाळ्यांत पिळून काढलेला ३ वर्षांचा लेथ, यांत पहिला चांगला. सुरुवात कोटेशनपासून करा, तेही करासकट: ७३,१६०. नाव नसलेला, चॅनलचा, चालू स्थितीतला लेथ असेल तर त्याच्या ५५ टक्के धरा, म्हणजे ४०,००० च्या आसपास. बेड बिडाचा असता तर मी ६५ टक्क्यांपर्यंत गेलो असतो, कारण बीड थरथर गिळतं आणि चॅनल ती परत हत्यारात पाठवतो.

हा काही सरकारी दर नाही, बोलणी कुठून सुरू करायची त्याचा आकडा आहे. यातून दुरुस्ती वजा करा आणि सोबतच्या वस्तू अर्ध्या भावाने मिळवा.

आणि टेप घेऊन जा. "५ फुटी लेथ" म्हणजे ५ फूट बेड. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकने जागा खाल्ली की दोन सेंटरमध्ये (लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये) सव्वातीन-साडेतीन फूट उरतं. तुमच्या कोटेशनमधले ५ फूट बेडचे की सेंटरमधले, हेही विचारा. तिथेच हिशोब चुकला तर पुढची घासाघीस फुकट.

डायल_गेज

टक्केवारीने सुरुवात करायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. लेथमध्ये दोन प्रकारचे दोष असतात: पैसे टाकून जाणारे आणि न जाणारे. घरघर पहिल्या प्रकारातली. बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६२०५ किंवा ६२०६ असेल तर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. जोडी, काढणं-बसवणं धरून अडीच हजार वजा करा, विषय संपला.

खरी किंमत स्पिंडलवर ठरते. बेल्ट उतरवा. स्पिंडलच्या नाकाच्या (पुढच्या टोकाच्या) आट्यांमागे जो गुळगुळीत भाग असतो त्यावर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमाप) लावून हाताने सावकाश फिरवा. काटा ०.०५ मिमीपर्यंत हलला तर लाकडाला चालतं. ०.१ च्या वर गेला तर कारण शोधा. लाकडी दांड्याने स्पिंडल वर-खाली ढकलून बघा: काटा हलला तर बेअरिंग ढिलं. ढकलून हलत नाही, पण दर फेरीला त्याच जागी वर जातो, तर स्पिंडल वाकलेला किंवा मुळातच वाईट कातलेला. तसा असेल तर नव्या स्पिंडलचा खर्च वजा करा, नाहीतर सरळ घरी या. डायल फेसप्लेटवर लावू नका. प्लेट वाकडी फिरत असेल तर ती कातून सरळ करून घेता येते, त्यावरून स्पिंडल कळत नाही.

मग आटे. बाजारातले लाकडाचे चक बहुधा १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे) किंवा एम ३३ × ३.५ (३३ मिमी व्यास, आट्यांत ३.५ मिमी अंतर) च्या इन्सर्टने, म्हणजे मधल्या आटेवाल्या तुकड्याने, बसतात. लोकल लेथवर बनवणाऱ्याच्या मनाला येईल ते आटे असतात. हा चक याच स्पिंडलवर खांद्यापर्यंत (आट्यांमागच्या कडेपर्यंत) टेकतो का ते डोळ्यासमोर बसवून बघा. टेकत नसेल तर दर वेळी वेगळा बसेल आणि काम हलेल. स्पिंडल आरपार पोकळ आहे का तेही बघा. भरीव असेल आणि पुढे लाकडात रुतणारे काटे कायमचे वेल्ड केले असतील तर तो फक्त लाटण्यांचा लेथ, वाडग्यांचा नव्हे. अशा लेथला मी ५५ काय, ४० टक्केसुद्धा लावणार नाही.

हेडस्टॉक-टेलस्टॉकची टोकं एकमेकांना भिडवा. मिलिमीटरभर चुकली म्हणून घाबरू नका. दोन सेंटरमध्ये पाय कातताना फरक पडत नाही. टेलस्टॉकमध्ये ड्रिल लावलं की मात्र भोक मोठं पडतं. पत्र्याची शिम घालून बरंचसं जुळतं.

टूल रेस्टवरचे (हत्यार टेकवायच्या पट्टीवरचे) खड्डे दाखवून भाव पाडू नका, दहा मिनिटांचं कानशीकाम आहे ते. टूल रेस्टखालच्या बिडाच्या बँजोला तडा असेल तर मात्र पाडा. बिडाचं वेल्डिंग निकेल रॉडने, गरम करून करावं लागतं आणि तरी भरवसा नाही.

तीन_फेज

मोटरबद्दल. घूं करून मग उचलते म्हणजे आधी कपॅसिटर, मग सेंट्रिफ्यूगल स्विच तपासा, मोटर सुरू करून देणारे भाग ते. दोन्ही स्वस्त. बेल्ट उतरवून सुरू करा. तरीही अडली तर दोष मोटरचा, नाहीतर हेडस्टॉकच जड फिरतोय. रीवाइंड केलेली (आतली तार नव्याने गुंडाळलेली) आहे का आणि तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, ते विचारा. ॲल्युमिनियम असेल तर मोटरची किंमत अर्धी धरा.

तुमच्या पुलीवर कमीत कमी वेग ७२० निघतो. व्यास इंचात गुणिले आरपीएम ६,००० ते ९,००० मध्ये ठेवायचं, म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. गोल झालेल्या लाकडाला ७२० ठीक. ओबडधोबड ठोकळा मात्र ४००–५०० वरच गोल करायचा असतो, ७२० वर तो लेथ नाचवेल. या सिंगल फेज मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावता येत नाही. वेग उतरवायला मोटर आणि स्पिंडलच्या मध्ये आणखी एक पुलीचा शाफ्ट टाका किंवा १ एचपी थ्री फेज मोटर आणि २३० व्होल्ट इनपुटचा व्हीएफडी घ्या. तशी मोटर बघताना टर्मिनल बॉक्समध्ये ६ तारा हव्यात, म्हणजे स्टारची डेल्टा जोडणी करून २३० वर चालते. तीनच तारा बाहेर असतील तर मोटर उघडावी लागते. हा खर्च मात्र विकणाऱ्याच्या माथी मारू नका, तो तुमच्या वाडग्यांचा आहे.

हत्यारं ग्राइंडरला टेकवून ठिणग्या बघा. लांब, पांढऱ्या-पिवळ्या, फुटणाऱ्या असतील तर कार्बन स्टील. आखूड, मंद, तांबूस असतील तर एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील. कानशीला धार लावून केलेलं हत्यार असेल तर पैसे देऊ नका आणि वापरूही नका, कानस ठिसूळ असते, मोडून उडते.

लाटणं_पोळपाट

मोजून आलो. नाकावर ०.०४. दांड्याने ढकलल्यावर ०.१२ हलतो. बेअरिंग ६२०६. स्पिंडल पोकळ, आटे १ इंच ८ टीपीआय, चक खांद्याला टेकतो. दोन सेंटरमध्ये ४० इंच, आणि कोटेशनवाल्याचेही तेवढेच. बँजो शाबूत. बेल्ट उतरवला तरी मोटर अडते; वाइंडिंग तांब्याचं, मूळचं. हत्यारांत २ एचएसएस, ३ कार्बन, १ कानस. तसाच चक नवा ९,००० ला मिळतो. टेम्पो, चढवणं-उतरवणं मिळून ४,००० सांगितलेत.

डायल_गेज

मग स्पिंडल सरळ आहे, फक्त बेअरिंग गेलंय. घ्यायच्या लायकीचा लेथ आहे.

बिडाचा_बेड

४०,००० मधून बेअरिंगचे २,५००, कपॅसिटर, स्विच आणि नव्या बेल्टचे १,५०० गेले. राहिले ३६,०००. चकचे ४,५०० आणि एचएसएस हत्यारांचे १,५०० मिळवले की ४२,०००. कार्बनची हत्यारं त्याने अशीच द्यावीत. कोटेशनमध्ये पोच होती, इथे नाही, म्हणून टेम्पोचे ४,००० वजा. ३८,०००.

३५ ने सुरू करा, ३८ ला थांबा. "चक ठेवून घेतो, ३५ द्या" म्हणाला तर हो म्हणू नका, चक सोडून तो लेथ साडेतेहतीसचाच होतो. विकणारा जीएसटी नोंदणी असलेला कारखाना असेल तर आकडा करासकट की करावेगळा, ते आधीच विचारून घ्या. उचलताना हेडस्टॉक आणि मोटर वेगळी करा. एकसंध उचलला की हमाल टेलस्टॉकला धरतात आणि क्विल (त्यातला पुढे-मागे सरकणारा दांडा) वाकतो.