टोटेम पोल: देवकस्तंभ, कुलस्तंभ की नुसता खांब?

बोरूबहाद्दर:
कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयावर दिवाळी अंकासाठी लिहितोय. १९७६ची इमारत, उंचच उंच काचांचं दालन, आत हायडा आणि तिथल्या इतर किनारी आदिवासींचे कोरीव खांब. 'टोटेम पोल'ला 'देवकस्तंभ' लिहिलं, तर संपादकबाईंनी लाल रेघ मारली: "देवक म्हटलं की लग्नाचा मांडव दिसतो." काय लिहू?

कळंबवाली:
मग दिसू दे की मांडव! टोटेमला देवक केव्हाचं रूढ आहे. आमचं देवक कळंब. काकाच्या लग्नात मांडवाला डहाळी बांधलेली आठवते. एरवी ते लाकूड आजीनं कधी चुलीत घालू दिलं नाही. देवक एक निघालं की सोयरीक मोडली. हायडांतही गरुड आणि रेव्हन असे दोन गट, लग्न समोरच्या गटातच.

आडमुठा:
सोयरिकीपुरतं जमतं. पण देवक पुजतात, ते खांब पुजायचे नसतात. घराण्याची कुळकथा, मान, गेलेल्या सरदाराची आठवण, यासाठी ते उभारतात. 'देव' आला की वाचक नारळ फोडायला मोकळा. आणि 'टोटेम' तरी तिथला कुठे? तो ओजिब्वे भाषेतून आला, पार ग्रेट लेक्सकडून. पाटी इंग्रजीनंच चुकीची लावलीय. 'कुलस्तंभ' लिहा.

जव्हारकर:
स्तंभ अशोकाचा. लाकडाचा तो खांब. आमच्याकडे वाघदेव लाकडात कोरतात, वर चांद-सूर्य. त्याला वाघस्तंभ म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

बोरूबहाद्दर:
बरं, 'रेव्हन'चं काय? बिल रीड या हायडा शिल्पकाराचं १९८० मधलं लाकडी शिल्प आहे तिथे. शिंपल्यातून पहिली माणसं डोकावतायत, वर हा बसलाय. 'कावळा' लिहिलं की पिंड आठवतो.

कळंबवाली:
डोमकावळा!

आडमुठा:
तो आपला रानातला कावळा, बाई. रेव्हन त्याहून बराच थोराड.

पानफुटी:
मधेच विचारते. खांबांचं लाकूड 'देवदार' लिहिलं असेल तर आधी ते खोडा. ते रेड सीडर, म्हणजे थुजा प्लिकाटा. आपल्या बागेतल्या मोरपंखीच्या नात्यातलं. शाळेत पुस्तकात ठेवायचो ना, विद्येचं पान?

कळंबवाली:
अगं हो! त्याला आम्ही पेन्सिलीची सालं खायला घालायचो, पिल्लं होतात म्हणून.

जव्हारकर:
ते मोरपीस हो.

कळंबवाली:
आमच्या शाळेत पानच होतं.