मदत हवी आहे: गुलाबी फुलांचं झाड कुत्र्याला चालतं का? लवकर सांगा

होटगीरोडकर: लॅब्राडॉरचं पिल्लू आणलंय. कंपाउंडला लागून गुलाबी फुलांचं झाड आहे, आधीच्या घरमालकांनी लावलेलं. पिल्लू सारखं तिथंच जातं. नर्सरीवाला म्हणतो काही होत नाही, शेजारच्या काकू म्हणतात तोडून टाका. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा, माळी संध्याकाळी येणार आहे.

गच्चीवरची बाग: कुठलं झाड ओ? गुलाबी फुलं सदाफुलीला येतात, कण्हेरीला, अडेनियमला, बोगनवेलीलाही. फोटो टाका.

होटगीरोडकर: फोटो चढेना. नेहमीचंच झाड आहे, सगळ्यांच्या दारात असतं. माझ्यापेक्षा उंच.

बाळीवेस: मग कण्हेरच. आमच्या दारात वर्षानुवर्षं आहे, रोज देवाला फुलं काढतो. कुत्री पण पाळली, एकानंही तोंड लावलं नाही. पान कडू असतं, जनावर खात नाही. चार-चार दिवस नळाला पाणी नसतं आपल्याकडं, त्यात तगणारं झाड आहे ते. तोडू नका.

मोहोळचा शेतकरी: बाळीवेस, ओलं पान कडू लागतं म्हणून सोडतात. वाळलं की कडूपणा कमी होतो, विष तेवढंच राहतं. आमच्याकडं छाटलेला पाला कडब्यात गेला आणि गाय गेली. हायवेच्या दुभाजकात लावतात तीच ही कण्हेर, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावतात. लहान पिल्लाला कुठली आली अक्कल? ते चप्पल पण खातं.

मांजरवाली: लिली असेल तर तीही काढा. मांजरांची किडनी जाते.

होटगीरोडकर: मांजर नाहीये माझ्याकडं. कण्हेर आहे का नाही तेवढं सांगा.

पशुवैद्य, पंढरपूर: पानं बघा. लांब, अरुंद, जाड, मधली शीर ठळक आणि एका पेरावर तीन-तीन असतील तर कण्हेर. मूळ, खोड, पान, फूल, सगळं विषारी. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर काम करतं. आधी लाळ, उलटी, जुलाब, मग ठोके अनियमित. पिल्लानं खाल्लंय का, वय किती, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

होटगीरोडकर: तीन-तीनच आहेत. पिल्लू तीन महिन्यांचं. काल तोंडात पान होतं, मी ओढून काढलं. सकाळी एक उलटी झाली, पण खाणं बदललंय म्हणून असेल. खेळतंय.

बाळीवेस: मिठाचं पाणी पाजा, सगळं बाहेर पडतं. वरून दूध.

पशुवैद्य, पंढरपूर: अजिबात नको! मिठानं कुत्र्याला वेगळीच विषबाधा होते आणि दुधानं हे विष उतरत नाही. होटगीरोडकर, खेळतंय म्हणून थांबू नका. आत्ता निघा. झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना ओळख पटते. पान कधी खाल्लं ती वेळ सांगा आणि हृदयाचे ठोके तपासायला सांगा.

गच्चीवरची बाग: रविवार आहे, आधी फोन करून जा.

बेदाणा: आमच्याकडं सगळे कुत्र्याला बेदाणे घालतात, ते चालतात ना?

पशुवैद्य, पंढरपूर: नाही. द्राक्षं आणि बेदाणे, दोन्हींनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कुणीच घालू नका.

होटगीरोडकर: दवाखान्यात आहे. सलाईन लावलंय. ठोके थोडे मंद म्हणाले, रात्रभर इथंच ठेवणार. माळ्याला फोन करून मुळासकट काढायला सांगितलंय. पाला जाळला तर चालेल ना?

मोहोळचा शेतकरी: जाळू नका, धूरसुद्धा बाधतो. माळ्याला हातमोजे घालायला सांगा. खाली पडलेली वाळकी पानं झाडून पोत्यात भरा आणि तोंड बांधा. रस्त्यावर टाकलं तर शेळ्या खातील.

बाळीवेस: मीठ-पाण्याचं मागे घेतो. पिल्लाचं कळवा. त्या जागेवर मोगरा लावा, कुत्र्याला त्याचं काही होत नाही. रोप माझ्याकडून न्या.