मदत हवी आहे: 'यर्न' नेमकं कसं वापरायचं? (पहाटेच्या आत!)

घाईघाईत | रात्री ९:१२
यर्न हे क्रियापद कसं वापरायचं? पुढे फॉर येतं की टू? आणि जीवाला काय लिहायचं? डिक्शनरीत 'तीव्र इच्छा असणे' एवढंच आहे, तेवढं मलाही वाचता येतं. गुगल ट्रान्सलेट करून झालंय, परत तेच सांगू नका. पहाटे ५ च्या आत हवंय. आगाऊ धन्यवाद.

लूमवाला | ९:२०
आमच्या इचलकरंजीत यार्न म्हणतात, तुम्ही यर्न लिहिलंय. यार्न म्हणजे सूत. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात, तितका त्याचा काउंट. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक. 'टू' विचारताय म्हणजे टू बाय फॉर्टी का? तर ४० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले. जीवाचं काय ते कळलं नाही. शर्टिंगसाठी हवंय का साडीसाठी?

घाईघाईत | ९:२३
सूत नाही हो काका!! वाय ई ए आर एन. आतुर होणे वालं.

उगाच_एक | ९:२४
धाग्यावर माणूस सुताबद्दलच बोलणार ना. चूक तुमची.

शंकासुर | ९:३१
वाक्य द्या. इंग्रजीचं मराठी करताय की मराठीचं इंग्रजी? कोण कोणाला म्हणतंय? प्रेमपत्र असेल तर तसं सांगा, इथे कोणी हसणार नाही. (उगाच_एक सोडून.)

पेठकरबाई | ९:४०
३१ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, म्हणून लिहिते. पुढे नाम असेल तर फॉर, क्रियापद असेल तर टू. 'शी यर्न्ड फॉर होम', 'शी यर्न्ड टू गो होम'. 'आय यर्न यू' असं थेट माणसाला चिकटवायचं नाही. लाँग या क्रियापदालाही हाच नियम. पेपरात मुलं दरवर्षी 'आय ॲम लाँग फॉर यू' लिहायची, म्हणजे मी तुझ्यासाठी लांब आहे. अर्धा गुण कापताना मलाच वाईट वाटायचं. आता वाक्य सांगा बघू.

लंडनचा_पाऊस | ९:४८
इथे १४ वर्षं काढली. ऑफिसात, बसमध्ये, पबमध्ये कोणाच्याही तोंडी यर्न ऐकलं नाही. पुस्तकी शब्द आहे. सरळ 'आय मिस यू' लिहा आणि झोपा.

पेठकरबाई | ९:५५
मिस म्हणजे उणीव भासणे, यर्न म्हणजे ओढ लागणे. मला आमच्या जुन्या मुख्याध्यापकांची आठवण येते, पण त्यांना भेटायची इच्छा मुळीच नाही. यर्नमध्ये माणूस त्या दिशेला ओढला जातो. दोन्ही एकाच डब्यात भरू नका.

लंडनचा_पाऊस | ९:५८
मॅडम, लोक व्याकरण बोलत नाहीत, भाषा बोलतात.

पेठकरबाई | १०:०१
तुम्ही पबमधली बोलता, एवढंच कळलं.

मुरांबा | १०:०४
पाइन का नको? मला सगळ्यात आवडतो. पाइनचं झाड कसं डोंगरावर एकटंच कुणाची तरी वाट बघत उभं असतं, त्यावरूनच तो शब्द आला.

जर्मनशिकू | १०:११
नाही आला. झाड लॅटिन 'पिनुस'वरून आणि हे क्रियापद लॅटिन 'पोएना' म्हणजे शिक्षा, यातना यावरून. पेन म्हणजे दुखणं, त्याचा हा सख्खा भाऊ. म्हणून पाइनमध्ये माणूस खंगतो. आपलं 'झुरणे' तंतोतंत. धागाकर्त्याला खंगायचं नसेल तर वापरू नये.
यर्नचा नातेवाईक जर्मनमध्ये 'गेर्न'. आमच्या वर्गात पहिल्याच महिन्यात येतो, 'आवडीने' या अर्थी. त्यांच्याकडे तो चहा घेण्याइतका साधा राहिला आणि इंग्रजीत जाऊन उसासे टाकायला लागला.

शंकासुर | १०:१४
रंजक आहे, पण वाक्य??

सुशेगाद | १०:२०
आमच्या गोव्यात पोर्तुगीज ठेवून गेलेला 'सौदाद' आहे. त्यात आठवण, ओढ, हुरहूर आणि थोडं सुखही आलं. इंग्रजीत याला शब्दच नाही.

उगाच_एक | १०:२२
विचारलंय इंग्रजीतलं क्रियापद, सांगितलं पोर्तुगीजमधलं नाम. आता कोणीतरी डोहाळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात तेही सांगून टाका.

मुरांबा | १०:२३
क्रेव्हिंग.

घाईघाईत | १०:४१
अहो, लाइट गेली होती. मराठीचं इंग्रजी करतोय. आजी ८४ वर्षांची, देवगडजवळच्या गावात असते. आतेबहिणीला पत्र सांगितलंय. बहिणीचा जन्म लीड्सचा, मराठी येत नाही. ओळखीचे एक काका पहाटे विमानतळावर निघणार, त्यांच्याकडे खाऊ आणि पत्र द्यायचंय. बाकी सगळं लिहून झालं, या एका ओळीला अडलोय: "तुका बघूक माझो जीव आसुसलो गो बाय." मी लिहिलंय 'माय लाइफ हॅज यर्न्ड टू सी यू'. कसंतरीच वाटतंय.

शंकासुर | १०:४४
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर काकांच्या सुताच्या लड्या वाचल्या असत्या.

पेठकरबाई | १०:५२
बाळ, 'लाइफ' आधी खोड. आपला जीव म्हणजे आयुष्य नव्हे. तो खालीवर होतो, टांगणीला लागतो, कोणावर तरी जडतो. इंग्रजीत यातली बरीच कामं 'हार्ट' करतं. 'माय हार्ट यर्न्स' व्याकरणात बसेल, पण भेटकार्डावरचं वाटेल. जीव सोड आणि 'आय' घाल.
दुसरं, आसुसलो हे रूप झालेलं दिसतं, पण आसुसणं चालूच आहे. मराठीत आपण दमलोय, भुकेजलोय, आसुसलोय म्हणतो आणि अर्थ आत्ताचा असतो. इंग्रजीत तिथे साधा किंवा चालू वर्तमानकाळ घ्यावा. नुसतं 'हॅज यर्न्ड' वाचून मुलीला वाटेल, आजीचं आसुसून झालं. फारा दिवसांची ओढ सांगायची तर 'आय हॅव बीन लाँगिंग टू सी यू'.

लंडनचा_पाऊस | १०:५८
आजींचं आहे म्हटल्यावर मिस मागे घेतो. माझी आई फोनवर 'आय मिस यू' म्हणाली तर मलाच धडकी भरेल. पण यर्न नकोच, लाँग घ्या. लीड्सच्या पोरीला ते जुनं वाटलं तरी आजीच्या तोंडी शोभेल.

जर्मनशिकू | ११:०३
लाँगला +१. लांब अर्थाचं विशेषण आणि हे क्रियापद एकाच घरातले. जुन्या इंग्रजीत 'मे लांगाथ' म्हणायचे. म्हणजे करणारा 'मी' नाहीच, 'मला लांब लांब वाटतंय' अशी रचना. आपल्या 'मला करमत नाही'सारखी. पुढे इंग्रजांनी तिथे 'आय' बसवला.

मुरांबा | ११:०५
खाऊ काय देताय?

घाईघाईत | ११:०६
कुळथाचं पीठ, फणसपोळी, सांडगी मिरची.

लंडनचा_पाऊस | ११:०९
कुळथाच्या पिठाला दोन पिशव्या घाला आणि वर ठळक नाव लिहा. माझी एक पिशवी फुटली होती, बॅगेतल्या सुटाला अजून वास येतो. पीठ चेक-इनमध्येच टाका.

शब्दवेडा | ११:१५
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ ची दुसरी आवृत्ती. त्यानंतर मराठीत कोशच झाला नाही असं माझं ठाम मत आहे.

शंकासुर | ११:१७
आजींना पत्र आजच्या काळातल्या मुलीला पाठवायचंय हो. आणि 'कोशच झाला नाही' यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

घाईघाईत | सकाळी ७:३०
काका वेळेवर निघाले. शेवटी 'आय हॅव बीन लाँगिंग टू सी यू, बाय' लिहिलं. 'बाय' तसंच ठेवलंय आणि त्याखाली आजीची मूळ ओळ देवनागरीत. पहाटे फोनवर तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "लाँग म्हणजे लांबच मां?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. तर म्हणते, "मग बरोबर हा. तां लांबच ऱ्हवता." पेठकरबाई, अर्धा गुण कापू नका.

पेठकरबाई | ७:४४
पूर्ण दिले. फक्त ते 'बाय' मुलगी निरोपाचं समजेल, खाली टीप टाकायला हवी होती.

घाईघाईत | ७:४५
अरे देवा.

नवा_सभासद | सकाळी ११:०२
यर्न म्हणजे कमावणे. मी घरबसल्या यर्न करतो, माहिती हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.