लोकलमध्ये अंगावर चढलेला माणूस चालतो, मग बागेतल्या बाकावरचा का नाही?

सव्वाआठची_लोकल

नमस्कार मंडळी, फालतू वाटेल असा प्रश्न आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय.

मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी, सेकंड क्लास. ठाणं गेलं की हात वर असेल तर वरच राहतो, खाली घेता येत नाही. कोणाची तरी बॅग बरगडीत, मागच्याचा श्वास कानात, पुढच्याच्या मानेवरची घामोळी मोजता येतील इतकी जवळ, आणि मला ढिम्म काही वाटत नाही, मी आपला मोबाईलवर मॅच बघत असतो. आता रविवारी बागेत बसलो होतो, आजूबाजूचे बाक सगळे रिकामे, आणि एक काका येऊन बरोबर माझ्याच बाकावर बसले, तेही मधे पिशवी मावेल एवढीच जागा ठेवून. बोलले नाहीत, चालले नाहीत, पेपर उघडून वाचत बसले बिचारे. तरी मला असं काही व्हायला लागलं की मी उठून दुसरीकडे गेलो. बायको म्हणते तू माणूसघाणा झालायस.

तर प्रश्न असा की ही पर्सनल स्पेस म्हणतात ती नुसती सवय आहे, की शरीरातच काही असतं? आणि प्राण्यांना असते का? कारण आमच्या सोसायटीतली कुत्री दुपारी एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेली असतात, आणि मांजरं मात्र कंपाउंडच्या भिंतीवर मोजून अंतर ठेवल्यासारखी बसतात.

गोठ्यातला_डॉक्टर

फालतू अजिबात नाही, आमचं तर पोट याच्यावर चालतं. मी जनावरांचा डॉक्टर आहे, सांगोला-आटपाडी पट्ट्यात.

मुळात हा सगळा विषय माणसांवरून आलेलाच नाही, प्राण्यांवरून आलाय. हायनी हेडिगर म्हणून एक स्विस प्राणीशास्त्रज्ञ होते, बर्न, बासल आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांचे संचालक होते. त्यांनी असं मांडलं की प्रत्येक जनावराचं एक पळायचं अंतर असतं, तुम्ही त्याच्या आत पाय टाकला की ते निघालं. पण पळायला जागाच नसेल आणि तुम्ही अजून पुढे सरकलात तर एका ठिकाणी ते उलटून अंगावर येतं, ते दुसरं अंतर. सर्कशीतला सिंहवाला ह्या दुसऱ्या अंतराच्या काठावरच खेळायचा. पुढे पाऊल टाकलं की सिंह अंगावर येणार, मधे स्टूल ठेवलेलं, सिंह स्टूलवर चढला की हा एक पाऊल मागे. लोकांना वाटायचं सिंह ऐकतोय.

तिसरं अंतर आपल्याच जातीच्या दुसऱ्या जनावरापासून ठेवायचं. त्यावरून हेडिगरनी दोन गट केले, चिकटून राहणारे आणि अंतर ठेवणारे. डुकरं, वॉलरस, पाणघोडे चिकटणारे. घोडा, फ्लेमिंगो, हंस अंतरवाले.

आता प्रत्यक्षातलं सांगतो. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला गेलं की म्हैस उभी राहते, जर्सी गाय कान हलवून मोकळी होते, पण खिलार बैल असला की मी गोठ्याच्या तोंडाशी दिसलो तरी त्याची मान वर, कान माझ्याकडे, नाकातून फुस्स. मालकाने वेसण धरली तर तोच बैल मांजर, कारण मालकासाठी त्याचं अंतर शून्य आहे. मी अजून आत पाऊल टाकलेलं नसतं बरं का. आणि मोकळं जनावर हाकायचं तर खांद्याची रेघ बघायची. तुम्ही खांद्याच्या मागच्या बाजूने त्याच्या हद्दीत शिरलात तर ते पुढे चालतं, खांद्याच्या पुढून शिरलात तर मागे सरतं. काठी लागत नाही, ओरडायला लागत नाही. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन बाईंनी हेच शास्त्र लिहून गोठ्यांचे आणि कत्तलखान्यांचे नकाशे बदलायला लावले. आमच्याकडच्या गुराख्याला ते चालता चालता येतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

तुमच्या लोकलवर उत्तर पाणघोड्यात आहे असं मला वाटतं. दिवसा पाण्यात अंगावर अंग टाकून पडलेले असतात, आणि रात्री तेच पाणघोडे काठावर चरायला निघाले की एकेकटे फिरतात. प्राणी तोच, जागा बदलली, काम बदललं की अंतर बदललं. आमची मेंढरं पण तशीच, भर उन्हात एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून घोळका करून उभी राहतात आणि ऊन उतरलं की चरायला पांगतात.

खान्देशी_तडका

म्हणजे डोंबिवलीकर हे पाणघोडे आहेत एवढं कळलं 😂 बाकी डॉक्टर, एसटीत तीनच्या सीटवर मधे बसणाऱ्याचं पण एक शास्त्र लिहा.

अर्धवट_पीएचडी

डॉक्टरसाहेब, मस्त. पुढचा धागा मी पकडते.

हेडिगरचं वाचूनच एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने माणसांसाठी मापं काढली, १९६६ साली. साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत अगदी जवळचे लोक, तिथून सव्वा मीटरपर्यंत मित्रमंडळी, साडेतीन मीटरपर्यंत ओळखीपाळखीचे आणि कामाचे लोक, त्यापुढे भाषण ऐकणारे. हे आकडे इंटरनेटवर सगळीकडे माणसाचा निसर्गनियम असल्यासारखे फिरतात, पण ते अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीय लोकांवरून काढलेले आहेत आणि हे हॉलने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे २०१७ मध्ये ४२ देशांतल्या जवळजवळ ९००० लोकांना विचारलं की अनोळखी माणूस किती लांब असलेला बरा. अर्जेंटिनावाले पाऊण मीटरच्या आसपास खूश, रोमानियावाल्यांना जवळजवळ दुप्पट लागतं. बायकांना आणि वयस्कर लोकांना सर्वसाधारणपणे जास्त अंतर हवं असतं. उष्ण देशांत अनोळखी माणूस थोडा जवळ चालतो असंही त्यात दिसलं.

तुमचा बाक मात्र प्रयोगात आधीच बसून गेलाय. साठच्या दशकात रॉबर्ट सॉमर आणि नॅन्सी फेलिपे या मानसशास्त्रज्ञांनी लायब्ररीत हेच केलं. टेबलं रिकामी असताना एकट्या वाचत बसलेल्या मुलीच्या अगदी शेजारी खुर्ची ओढून बसायचं, बोलायचं काही नाही. अर्ध्या तासात साधारण ७० टक्के उठून गेल्या, ज्यांच्या शेजारी कोणी बसलंच नाही त्यांच्यातल्या १३ टक्के. आणि कोणी "जरा सरकता का" म्हणालं का, तर फारच क्वचित. आधी कोपर मधे आणतात, पुस्तकांची भिंत करतात, खुर्ची तिरकी करतात, मग उठून जातात. तुम्ही पण काकांना काही बोलला नाहीत, बरोबर ना?

शरीरात काही असतं का, तर हो. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, भीतीशी ज्याचं नाव जोडलं जातं तो. एका आजारात एका बाईंचा हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला, संशोधनात त्यांना एस. एम. म्हणतात. २००९ च्या प्रयोगात त्यांना सांगितलं की समोरच्या व्यक्तीच्या दिशेने चालत जा आणि बरं वाटेल तिथे थांबा. बाकीचे लोक पाऊण मीटरच्या आसपास थांबले, ह्या बाई फुटाभरावर. नाकाला नाक लागेल इतकं कोणी जवळ उभं राहिलं तरी त्यांना काही अडचण नव्हती. गंमत म्हणजे लोकांना अंतर ठेवायचं असतं हे त्यांना माहीत होतं, फक्त स्वतःला तसं वाटत नव्हतं. आणि धडधाकट लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून नुसतं सांगितलं की एक माणूस मशीनला अगदी खेटून उभा आहे, तरी त्यांची अमिग्डला जास्त काम करायला लागली. दिसत कोणीच नव्हतं.

मग लोकलमध्ये ती का गप्प बसते? सॉमरचं म्हणणं असं की इतक्या दाटीत आपण शेजारच्याला माणूस म्हणून धरतच नाही. त्यासाठी काही गोष्टी पाळाव्या लागतात, नजर देत नाही, चेहरा कोरा ठेवतो, हात आखडून घेतो. एकदा कोणाशी नजरानजर झाली की तो लगेच माणूस होतो आणि मग त्याची कोपर टोचायला लागते. शिवाय लोकलमध्ये तो माणूस तुमच्याजवळ का उभा आहे ह्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, दुसरी जागाच नाही. बागेतल्या काकांकडे पर्याय होते तरी ते तुमच्याच बाकावर आले, आणि का आले हे डोकं शोधत बसलं.

लेडीज_डबा

सगळं पटलं पण "काही वाटत नाही" हे पुरुषाने लिहिलंय हे वाचता क्षणी कळतं हो दादा. जनरलमध्ये चढावं लागलं तर मला त्याच गर्दीत पर्स छातीशी धरून, पाठ भिंतीला लावून, कुठला हात कोणाचा आहे याचा हिशेब ठेवत उभं राहावं लागतं. नजर न देणं वगैरे तुम्हाला परवडतं, मला मागे कोण आहे ते बघावंच लागतं. तुमच्या त्या ४२ देशांत बायकांना जास्त अंतर हवं असतं यात संशोधन करण्यासारखं काय होतं ते मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं.

आणि लेडीजमध्ये उलट. १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल आहे, माझी आई त्यात जायची, आता मी जाते. तीन जणींच्या बाकावर चौथी अर्ध्या मांडीवर टेकलेली, आणि तिसरीने सरकलं नाही तर जे काही ऐकून घ्यावं लागतं ते विचारू नका. कोणी शेंगा सोलतंय, कोणी पुढचीच्या केसात क्लिप लावून देतंय, अनोळखी बाई झोपून माझ्या खांद्यावर कलते आणि मी हलत नाही कारण ती पहाटे चारला उठलेली असणार. इथे माणूस म्हणून धरत नाही वगैरे अजिबात नाही, उलट चौकशाच जास्त. तेव्हा गर्दीत सगळे कोरे चेहरे करतात हे पुरुषांच्या डब्याचं शास्त्र असेल. सीटचं पण तसंच, "कुठे उतरणार?" विचारलं की सीट बुक. ती सीट रिकामी झाल्यावर दुसरीने घेतली तर भांडण पार बोरिवलीपर्यंत पुरतं.

कोपऱ्यातला_पंखा

गर्दी वाईटच. उंदरांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग बघा, खायला प्यायला भरपूर दिलं, जागा मर्यादित, शेवटी समाजच कोसळला आणि सगळे मेले. मुंबईचं तेच होणार आहे, लिहून घ्या.

अर्धवट_पीएचडी

हे येणार माहीत होतं 🙂 जॉन कॅल्हूनचा प्रयोग, अमेरिकेत, १९६८ ला सुरू. चार जोड्या सोडल्या, उंदीर २२०० पर्यंत गेले, पण ती पेटी ३८०० हून जास्त उंदीर राहतील अशी बांधलेली होती, म्हणजे जागा संपलीच नव्हती. नर भांडायचे, माद्या पिल्लं टाकून द्यायच्या, काही नर कोणाच्या अध्यात ना मध्यात, नुसते अंग चाटत बसायचे. पुढे पिल्लंच होईनात. पण तिथून बाहेर पडायचा दरवाजा नव्हता हे लोक विसरतात, खऱ्या उंदराला नको झालं तर तो निघून जातो. मुंबईकराला निदान रात्री घरी जाता येतं.

आणि माकडांमध्ये चित्र वेगळं आहे. फ्रान्स डी वाल या माकडांच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाटीतले आणि मोकळे असे ऱ्हीसस माकडांचे गट ताडून बघितले, तर दाटीच्या प्रमाणात मारामाऱ्या वाढत गेल्या असं काही निघालं नाही, उलट एकमेकांचे केस विंचरत बसणं वाढलं. चिंपांझी थोडा वेळ कोंडले तर भांडणं कमी करतात, फक्त अंग खाजवतात आणि जांभया देतात, म्हणजे ताण आहे पण दाखवायचा नाही. लिफ्टमधली माणसं आठवा.

@लेडीज_डबा, ताई, तुमचं ऐकून तर वाटतंय सॉमरचं अर्धंच खरं आहे. जनरलवाले चिंपांझीसारखे दाबून धरतात आणि लेडीजवाल्या ऱ्हीससच्या वाटेने जातात, क्लिप लावून देणं काय वेगळं आहे? ह्यावर मुंबईत बसून कोणीतरी नीट काम करायला हवं. रेल्वेवाले गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी असा हिशेब सांगतात, हॉलच्या मापात तो बसतच नाही.

माथेरानचा_माकडू

माकडांवरून आठवलं. आमच्याकडची लाल तोंडाची माकडं म्हणजे बॉनेट मकाक, टोपीसारखा भांग असतो ती. पावसात पत्र्याखाली अशी गोळा करून बसतात की कुठली शेपटी कोणाची कळत नाही. लेनर्ड रोझेनब्लम यांनी साठच्या दशकात हीच माकडं आणि त्यांची चुलत भावंडं, डुकरासारखी आखूड शेपटी असलेली पिगटेल मकाक, सारख्या पिंजऱ्यात ठेवून बघितली होती. बॉनेट मोकळी जागा असून चिकटून बसायची आणि पिगटेल आपापली लांब. इतकी जवळची नाती असून हा फरक! त्यामुळे "माकडं अशी असतात म्हणून माणसं अशी" असं सरसकट कोणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. कुठली माकडं ते आधी सांगा.

सव्वाआठची_लोकल

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. @लेडीज_डबा ताई, मुद्दा बरोबर आहे, बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली हे मी लग्नापासून सांगतेय. काकांना काही बोललो नाही हेही खरं, आधी बॅग मधे ठेवली, मग पाय त्या बाजूला घेतला, मग उठलो. म्हणजे लायब्ररीतल्या मुलींसारखंच सगळं केलं.

डॉक्टर, मांजरांचं राहिलं हो. भिंतीवरच्या.

गोठ्यातला_डॉक्टर

मांजर मूळचं एकट्याने शिकार करणारं, उंदीर काही दोघांत वाटून खाता येत नाही, म्हणून भांडण झालं तर नुकसान दोघांचं. त्यामुळे ती अंतर नुसतं जागेत ठेवत नाहीत, वेळेतही ठेवतात. तुमच्या भिंतीवर सकाळी कुठलं बसतं आणि संध्याकाळी कुठलं ते बघा, बऱ्याचदा तीच जागा पाळीपाळीने वापरतात आणि मुतून, गाल घासून निरोप ठेवून जातात. खायला भरपूर मिळत असेल तिथे मात्र आई, मावशी, बहिणी अशा नात्यातल्या माद्या एकत्र राहतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात सुद्धा. तेव्हा दोन मांजरं चिकटून झोपलेली दिसली तर बहुतेक घरचीच.

कुत्रं कळपातलं, त्याचं वेगळं. पण तुमच्या त्या पडलेल्या कुत्र्यांमध्ये पलीकडच्या गल्लीतलं एक आणून बसवा आणि मग अंतर मोजा. लांबून मोजा, रेबीजची पाच इंजेक्शनं घ्यायची हौस नसेल तर.