ट्रेलरवरून ट्रॅक्टर उतरवतानाही घात होतो

फळ्या लावून ट्रेलरवर ट्रॅक्टर चढवण्याबद्दल बरंच बोललं जातं, पण ट्रेलर आधी गाडीला जोडलेला हवा हे राहून जातं. नाहीतर वजन मागच्या टोकावर येताच ट्रेलरची पुढची दांडी वर उचलते आणि सगळंच उलटतं. ट्रेलरच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावाच.

चढण जितकी लांब तितकं बरं. ट्रेलर ६० सेंमी उंच असेल तर २.४ मीटरच्या फळीनेही साधारण १४ अंशांचा चढ होतो, ओल्या फळीवर तोही नको वाटतो. मी तर ट्रॅक्टर रिव्हर्सनेच चढवतो, पुढची चाकं उचलली जायची भीती राहत नाही. उतरवताना पहिला गिअर, क्लच अजिबात दाबायचा नाही. आणि हो, मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करणाऱ्यांना आधी बाजूला करा!